तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली. मुलगा बरा दिसतोय, मग मैदानावर कधी सोडायचं?

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा २२ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, कसलंही व्यसन नाही. चार दिवस ताप, घसा, अंगदुखी. ताप उतरला आणि आठवड्याभरात पहाटे छातीत दुखायला लागलं. ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) बरंच वाढलेलं, म्हणून तातडीने अँजिओग्राफी झाली. ती पूर्ण नॉर्मल. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ५० टक्के. मग एमआरआय झाला आणि डॉक्टरांनी मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचं सांगितलं. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले. मुलाला काहीही त्रास नाही, भरती तोंडावर आली आहे आणि तो घरात थांबायला तयार नाही. वडिलांना विचारायचं आहे की हा हार्ट अटॅकच होता का, झालं कशामुळे, कोविडच्या लसीचा संबंध आहे का, धाकट्या मुलीला होईल का, आणि धावायला कधी जाऊ द्यायचं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं उद्या वाचली तरी चालतील, हे आज वाचायला हवं. आत्ता धावू देऊ नका. १६०० मीटर नाही, १०० मीटर नाही, गोळाफेक नाही, जिम नाही, मित्रांबरोबर क्रिकेटची एक मॅचसुद्धा नाही. आजार सुरू झाल्यापासून किमान तीन महिने व्हायला हवेत, आणि तीन महिने झाले म्हणून आपोआप परवानगी मिळाली असंही नाही. त्या वेळी काही तपासण्या करायच्या आणि त्या चांगल्या आल्या तरच टप्प्याटप्प्याने सुरू करायचं. त्याला त्रास होत नाही, ही मला मनापासून आनंदाची बातमी वाटते, पण धावायची परवानगी देताना मी त्या गोष्टीला फार किंमत देत नाही. छातीतलं दुखणं काही दिवसांत थांबतं, ट्रोपोनिन एक-दोन आठवड्यांत खाली येतं. स्नायूतली सूज मात्र त्यानंतरही कितीतरी आठवडे राहू शकते, आणि आत सूज आहे हे त्या माणसाला जाणवत नाही. या आजाराबद्दल घरच्यांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

आता हे असं का, ते नीट सांगतो.

ताप आणणारे काही विषाणू घसा किंवा आतड्यातून रक्तात उतरतात आणि हृदयाच्या स्नायूपेशींपर्यंत पोहोचतात. कॉक्सॅकी-बी आणि अ‍ॅडिनो या दोन विषाणूंना तर हृदयाच्या पेशीवर आत शिरायला एक ठरावीक जागाच असते. पहिल्या काही दिवसांत विषाणू स्वतः पेशी मारतो. मग शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडते. अनेकदा खरं नुकसान या दुसऱ्या टप्प्यात होतं, कारण त्या हल्ल्यात आजूबाजूच्या चांगल्या पेशीही सापडतात. म्हणूनच तुमच्या मुलाचा ताप उतरला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि नंतर छातीत दुखलं. घरचे मला नेहमी सांगतात, "डॉक्टर, तापातून तर तो उठला होता." बरोबर आहे. ताप आणि हृदयाचा त्रास यांच्यात काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंतचं अंतर पडणं, हीच या आजाराची नेहमीची चाल आहे.

बहुतेकांमध्ये प्रतिकारशक्ती आपलं काम संपवून शांत होते, सूज ओसरते आणि हृदय पूर्ववत होतं. काहींमध्ये मेलेल्या पेशींच्या जागी व्रण राहतो. थोड्या लोकांमध्ये मात्र ही आतली लढाई थांबतच नाही, हृदय हळूहळू पसरत जातं आणि त्याची ताकद कमी होते.

मोडलेल्या हाताला प्लास्टर घालून आठ आठवडे गप्प ठेवता येतं, हृदयाला तसं ठेवता येत नाही. ते दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं, सुजलेलं असलं तरी. आपल्या हातात एवढंच आहे की त्याच्यावरचा बोजा कमीत कमी ठेवायचा. जोरात धावताना नाडी १८०च्या पुढे जाते, रक्तदाब वाढतो, अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं. सुजलेल्या किंवा ताजा व्रण असलेल्या स्नायूतून विजेचा प्रवाह सरळ जात नाही, अडखळतो. त्यात अ‍ॅड्रिनॅलिनची भर पडली की ठोके अचानक बेलगाम होऊ शकतात. मैदानावर तरुण खेळाडू अचानक कोसळतो त्यामागच्या मोजक्या कारणांमध्ये मायोकार्डायटिसचं नाव कायम असतं. आणखी एक जुना पुरावा आहे. कॉक्सॅकीचा संसर्ग दिलेल्या उंदरांना पोहायला लावल्यावर त्यांच्या हृदयात विषाणू जास्त वाढला आणि मरणाऱ्या उंदरांचं प्रमाणही वाढलं. म्हणजे त्या काळातली कसरत ठोक्यांचा धोका तर वाढवतेच, मूळ आजारही चिघळवते. विश्रांती हा इथे वरवरचा सल्ला नाही, या आजाराच्या उपचाराचा तो मुख्य भाग आहे.

हा हार्ट अटॅक होता का? नाही. अटॅकमध्ये हृदयाला रक्त देणारी नळी गुठळीने बंद होते आणि त्या नळीच्या ताब्यातला स्नायू मरतो. तुमच्या मुलाच्या नळ्या स्वच्छ आहेत. स्टेंट, बायपास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आयुष्यभर, यातलं काही त्याच्या वाट्याला नाही. पण दवाखान्यात पोहोचला तेव्हा दोन्ही आजार एकसारखेच दिसत होते: तेच दुखणं, ईसीजीत तशीच वर चढलेली रेघ, तेच वाढलेलं ट्रोपोनिन. अशा वेळी अँजिओग्राफी करणं योग्यच होतं. "नॉर्मल आली, म्हणजे उगाच केली" असं अनेक घरांत बोललं जातं. तसं मनात आणू नका. आपल्याकडे पंचविशी-तिशीतही खरे अटॅक येतात, आणि नळी बंद असती तर गेलेला प्रत्येक तास महागात पडला असता.

निदान पक्कं झालं ते एमआरआयने. ती सीडी तुमच्याकडे असेल. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती पडद्यावर दाखवायची विनंती करा, कारण एकदा डोळ्यांनी पाहिलं की विश्रांतीसाठी मुलाची समजूत काढावी लागत नाही. शिरेतून गॅडोलिनियम नावाचं द्रव्य देऊन साधारण दहा मिनिटांनी चित्रं काढतात. निरोगी स्नायू त्यात काळा दिसतो, इजा झालेला भाग पांढरा उजळतो. अटॅक असेल तर हा पांढरेपणा हृदयाच्या आतल्या थरापासून सुरू होतो आणि एका नळीच्या हद्दीत राहतो. मायोकार्डायटिसमध्ये तो बाहेरच्या थराला किंवा स्नायूच्या मध्ये असतो. डाव्या कप्प्याच्या बाजूच्या भिंतीवर कोणी खडूने बाहेरून एक तुटक रेघ ओढावी तसा. दुसऱ्या एका प्रकारच्या चित्रांत स्नायूतलं पाणी, म्हणजे ताजी सूज दिसते. सूज आणि इजा दोन्ही एकत्र दिसली की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. या वाचनाचे निकष २००९ मध्ये ठरले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्याआधी जिवंत माणसात हा आजार सिद्ध करायचा तर हृदयाचा तुकडा काढून तपासणं हाच मार्ग होता. आजही बायोप्सी करावी लागते, पण निवडक रुग्णांत: ज्यांची तब्येत झपाट्याने ढासळते, ज्यांचे ठोके गंभीरपणे बिघडतात किंवा नेहमीच्या औषधांना जे दाद देत नाहीत.

पंपिंग ५० टक्के म्हणजे अर्धं हृदय निकामी, असा एक गैरसमज मला जवळपास प्रत्येक कुटुंबात भेटतो. निरोगी हृदयसुद्धा आत आलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ६५ टक्केच एका ठोक्यात बाहेर टाकतं. ५० म्हणजे किंचित कमी. सुरुवातीलाच एवढं चांगलं पंपिंग असणाऱ्या मुलांचं पुढे बहुधा उत्तम होतं. ज्यांचं पंपिंग सुरुवातीला ३०च्या आसपास असतं त्यांच्याबद्दल मी इतक्या खात्रीने लिहिलं नसतं, तरी त्यांच्यातलेही बरेच जण सावरतात.

कशामुळे झालं, याचं नेमकं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही आणि त्यावर पैसे खर्च करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. रक्तातल्या विषाणूंच्या मोठ्या तपासण्यांचा खर्च बराच येतो, आणि त्यांनी फार तर एवढंच कळतं की कधीतरी अमुक विषाणू अंगातून गेला. उपचार त्याने बदलत नाही. कॉक्सॅकी, अ‍ॅडिनो, पार्व्हो बी-१९, एचएचव्ही-६, फ्लू, कोविड, यातलं कोणीही असू शकतं.

पण आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर येणाऱ्या तापांत कारण शोधावंच लागतं, कारण त्यातल्या काहींना नेमकं औषध आहे. स्क्रब टायफस हा असा एक. विदर्भात २०१८ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. शेतात, गवतात वावरणाऱ्याला चिगर नावाचा बारीक किडा चावतो, आणि काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसावा तसा काळ्या खपलीचा डाग उमटतो. दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. कपडे काढून शोधावा लागतो. डॉक्सिसायक्लिन वेळेत दिलं तर रुग्ण दोन-तीन दिवसांत सुधारतो, नाहीतर हाच ताप फुफ्फुस, किडनी आणि हृदयापर्यंत जातो. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप, कोकणात आणि मुंबईत पाणी तुंबल्यावर दिसतो. डेंगीमध्येही हृदयाच्या स्नायूला सूज येते. बहुधा सौम्य असते, आणि ताप उतरल्यावर नाडी मंदावते इतकंच कळतं. ज्या मुलांचं लसीकरण अर्धवट राहिलं आहे त्यांच्यात घटसर्प अजूनही होतो. त्याचं विष घसा बरा होत आला असताना, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास हृदय गाठतं आणि ठोक्यांची वाहिनीच बंद पाडतं. ज्या आजाराची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते त्याने एखादं मूल दगावणं मला सहन होत नाही.

संसर्गाशिवायही हे होतं. विंचवाचं उदाहरण महाराष्ट्रात सांगायलाच हवं. कोकणातल्या लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदयाच्या स्नायूला इजा होते आणि फुफ्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध यावर वापरून दाखवलं आणि एकेकाळी अनेकांचा जीव घेणारा हा दंश आटोक्यात आणला. ग्रामीण भागात बसून, रुग्णाच्या उशाशी जागून केलेलं हे काम जगभर पोहोचलं. मायोकार्डायटिसच्या रूढ यादीत ते बसतं का यावर वाद होईल, पण स्नायूला झालेली इजा तशीच आहे. याखेरीज मनोविकारासाठी दिलं जाणारं क्लोझापिन आणि कर्करोगावरची नव्या पिढीची इम्युनोथेरपी यांच्यामुळेही ही सूज येते. ही औषधं चालू असलेल्याला दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक दिवसही वाट पाहू नये.

आता लसीबद्दल. हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मी मोकळेपणाने उत्तर देतो. कोविडच्या एमआरएनए लसींमुळे, म्हणजे फायझर आणि मॉडर्ना, क्वचित मायोकार्डायटिस होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि ते लपवण्यासारखं काही नाही. किशोरवयीन आणि तरुण मुलग्यांत त्याचं प्रमाण सर्वांत जास्त, बहुधा दुसऱ्या डोसनंतर, आणि बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या आत. बहुतेक जण लवकर बरे झाले. ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा युरोपात होती त्यांनी ही लस घेतली. भारतात मात्र जवळपास सगळ्यांना कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन मिळाली, त्या या प्रकारच्या लसी नाहीत. तुमच्या मुलाने काही वर्षांपूर्वी घेतलेल्या डोसाचा आजच्या सुजेशी संबंध जोडायला मला काहीही आधार दिसत नाही. चार दिवसांचा ताप हे समोर दिसणारं कारण आहे.

तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल जे व्हिडिओ फिरतात त्यावरही दोन शब्द. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयोगटातल्या अशा ७२९ मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे असा धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. धोका वाढलेला दिसला तो इतर गोष्टींमुळे: कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घराण्यात कोणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूआधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू, आणि त्याच ४८ तासांत अतिश्रमाचा व्यायाम. भरतीची तयारी करणाऱ्यांनी यातली शेवटची गोष्ट वाचावी. अंगात ताप असताना "घाम गाळला की उतरेल" म्हणून पळायला जाणं ही आपल्या मैदानांवरची फार जुनी आणि घातक समजूत आहे. तापात आणि ताप उतरल्यावर निदान आठवडाभर जोराचा व्यायाम नको, हे प्रत्येक अकादमीच्या भिंतीवर लिहायला हवं.

औषधांचं सांगतो. पंपिंग कमी असेल तर हृदयाला आधार देणाऱ्या गोळ्या दिल्या जातात: रामिप्रिलच्या जातीची एक, मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी ठोके मंदावणारी एक, कधी आणखी एखादी. या गोळ्या सूज उतरवत नाहीत. सूज उतरेपर्यंत हृदयावरचा ताण कमी ठेवतात. "बरं वाटतंय म्हणून गेल्या आठवड्यात बंद केल्या" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. पसरलेलं हृदय पूर्ववत झालेल्या रुग्णांच्या औषधांवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं टप्प्याटप्प्याने, देखरेखीखाली बंद केली तरी ४० टक्क्यांहून जास्त जणांचं हृदय सहा महिन्यांत पुन्हा बिघडलं. तुमच्या मुलाचा आजार त्यांच्यापेक्षा सौम्य आहे आणि त्याच्या गोळ्या पुढे बंद होण्याची शक्यता चांगली आहे, पण तो निर्णय इको पाहून डॉक्टरांनी घ्यायचा.

सूज आहे म्हणून स्टेरॉइड का दिलं नाही, असंही अनेकांना वाटतं. ते करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत १११ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिलेल्यांना न दिलेल्यांपेक्षा काही फायदा झाला नाही. विषाणू अजून आत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणं उलट अंगाशी येऊ शकतं. अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. जायंट सेल नावाचा दुर्मीळ, अतिशय आक्रमक प्रकार, सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार), इम्युनोथेरपीमुळे आलेली सूज, यांत हीच औषधं जीव वाचवतात. आपल्या देशात एक जास्तीची गुंतागुंत आहे: सार्कॉइडची गाठ आणि क्षयाची गाठ हृदयात जवळजवळ सारखीच दिसते, आणि क्षय असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर आजार भडकतो. म्हणून आधी छातीतल्या गाठींचा तुकडा तपासायचा आणि मगच ठरवायचं.

छातीत पुन्हा थोडं दुखलं तर घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका. ती औषधं सुजलेल्या हृदयाला मानवत नाहीत, किडनीवर आणि पंपिंगवर ताण आणतात. पॅरासिटामॉल चालेल, आणि दुखतंय हे डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या आवरणालाही सूज असेल तर हिशेब थोडा वेगळा होतो, पण तो घरी करायचा नाही.

विश्रांती म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे. त्याने सपाटीवर सावकाश चालावं, आंघोळ, जेवण, अभ्यास, मोटारसायकलवरून गावात जाणं, सगळं करावं. लेखी परीक्षेची तयारी करायला याहून चांगला काळ मिळणार नाही. दम लागेल, नाडी उसळेल असं काहीही नको: धान्याची पोती उचलणं नाही, विहिरीत पोहणं नाही, दहीहंडीचा थर नाही, पैजेवर जोर-बैठका नाहीत. दारू आणि तंबाखू अजिबात नाही. आणि एक गोष्ट त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, रागवू नका: व्यायामाआधी घ्यायची पावडर, वजन उतरवायच्या गोळ्या, कोणी दिलेलं इंजेक्शन, असं काही घेत होता का? यातल्या कित्येक डब्यांत भरपूर कॅफीन आणि ठोके वाढवणारी द्रव्यं असतात. घेत असेल तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.

तीन महिने पूर्ण झाल्यावर काय पाहायचं? ईसीजी आणि इको तर हवाच. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद करणारं छोटं यंत्र लावायचं, त्याने झोपेत आणि चालताना ठोके चुकतात का ते कळतं. मग देखरेखीखाली ट्रेडमिलची तपासणी, आणि तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुसरा एमआरआय. पंपिंग नॉर्मल, ट्रोपोनिन नॉर्मल, सूज गेलेली, ठोक्यांत बिघाड नाही, ट्रेडमिलवर काही निघालं नाही, तर मी परवानगी देतो. आधी दोन आठवडे भरभर चालणं, मग हळू धावणं, मग अंतर, आणि वेग सगळ्यात शेवटी. सुरुवातीला कोणीतरी सोबत. पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत असत. अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांनी हा काळ प्रत्येक रुग्ण पाहून ठरवायला सांगितलं आहे, आणि आजार अगदी सौम्य असेल तर लवकरही सोडतात. पण सुरुवातीला पंपिंग उतरलेलं आणि एमआरआयवर इजा दिसलेली असताना या मुलाच्या बाबतीत मी घाई करणार नाही.

दुसऱ्या एमआरआयवर एखादी बारीक पांढरी रेघ उरलेली असणं शक्य आहे. तेवढ्याने घाबरू नका; व्रण लहान असेल आणि बाकी सगळं नीट असेल तर पुष्कळ जण नॉर्मल आयुष्य जगतात, लग्न, संसार, कष्टाचं कामही करतात. पण व्रण मोठा असेल किंवा होल्टरवर ओळीने चुकीचे ठोके दिसत असतील तर पोलिसी सेवेसारख्या कामाबद्दल डॉक्टरांशी पुन्हा बसून बोलावं लागेल. घराण्यात कोणी चाळिशीच्या आत झोपेत, पळताना किंवा पोहताना अचानक गेलं आहे का, हे आजी-आजोबांना विचारून घ्या. हृदयाच्या स्नायूचे काही आनुवंशिक आजार पहिल्यांदा डोकं वर काढतात ते हुबेहूब मायोकार्डायटिसच्या रूपात. हाच त्रास त्याला पुन्हा झाला किंवा घराण्यात असा इतिहास निघाला, तर जनुकीय तपासणी करायला हवी, त्याची आणि भावंडांचीही.

धाकट्या मुलीला त्याच्याकडून हा आजार लागणार नाही. फार तर सर्दी-तापाचा विषाणू लागेल, आणि तो लागलेल्या अगदी थोड्यांनाच हृदयाचा त्रास होतो. तरीही लहान मुलांमधली लक्षणं माहीत असू द्या, कारण ती छातीत दुखतंय असं सांगत नाहीत. एकदा रात्री एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीला आणलं होतं. उलट्या, पोटदुखी, दोन दिवस खाणं नाही. बाहेर दोन सलाइन लागली होती आणि ती आणखीच मलूल झाली होती. हातपाय गार, ताप जेमतेम ९९, नाडी मात्र १६०. यकृत बरगडीखाली तीन बोटं उतरलेलं, ते ताणल्यामुळे पोट दुखत होतं. श्वास भरभर, आणि आडवं केलं की रडून उठून बसायची. तापाच्या मानाने नाडी इतकी जास्त, आणि सलाइननंतर उतरण्याऐवजी वाढलेली. तिथेच संशय आला. हृदय कमजोर असताना शिरेतून दिलेलं जास्तीचं पाणी फुफ्फुसात साठतं. इकोत पंपिंग २५ होतं. अतिदक्षता विभागातले काही अवघड दिवस काढून ती घरी गेली, आणि काही महिन्यांत तिचं हृदय पूर्ववत झालं. या आजारात सगळ्यात वाईट अवस्थेत आलेलं मूलसुद्धा असं परत येऊ शकतं, म्हणून अशा वेळी कृत्रिम पंप किंवा हृदय-फुफ्फुसाचं काम शरीराबाहेर करणाऱ्या एक्मोच्या यंत्रावर काही दिवस ठेवण्याचा खटाटोप करायला आम्ही मागे-पुढे पाहत नाही. मात्र त्यासाठी मूल वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचायला हवं.

तुमच्या मुलाबाबत या गोष्टींवर लक्ष ठेवा: चक्कर येऊन पडणं किंवा क्षणभर शुद्ध हरपणं, बसल्या जागी छातीत जोरात धडधड, सपाट झोपल्यावर दम लागून उठावं लागणं, पायावर सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, छातीत पुन्हा दुखणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि शक्यतो अशा ठिकाणी न्या जिथे हृदयरोगाचा अतिदक्षता विभाग आहे. तो बेशुद्ध पडला आणि श्वास घेत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहा. हे तंत्र घरातल्या निदान दोघांनी शिकून घ्यावं.

भरतीबद्दल शेवटचं. वैद्यकीय तपासणीत हा आजार लपवू नका, आणि या वेळची मैदानी चाचणी तीन महिन्यांच्या आत येत असेल तर ती सोडून द्या. २२व्या वर्षी पुढची संधी मिळते. डिस्चार्ज कार्ड, ट्रोपोनिनचे सगळे आकडे, अँजिओग्राफी आणि एमआरआयच्या सीडी एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा. दुसरा एमआरआय शक्यतो त्याच केंद्रात करा, म्हणजे जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून पाहता येईल. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. आणि पुढच्या भेटीला मुलाला सोबत न्या. धावायचं कधी, हे त्याने तुमच्याकडून ऐकण्यापेक्षा स्वतः डॉक्टरांना विचारावं.